डार्लिंग नदीच्या काठाने: बर्क ते वेन्टवर्थ, सहकुटुंब

मृद्गंध

जुलैची सुट्टी जवळ आली की इथे मंचावर सिडनीकर मंडळींचे चर्चेचे दोन धागे ठरलेले: बर्फ बघायला कुठे जावं, आणि गोल्ड कोस्टला स्वस्तात कुठे राहावं. हा तिसरा. आम्ही यंदा डार्लिंग नदीच्या काठाने बर्कपासून वेन्टवर्थपर्यंत गाडीने उतरलो. नवरा, मी, अकरा वर्षांची लेक, सात वर्षांचे चिरंजीव आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई.

आधीच सांगते, इथलं वेळापत्रक नदी आणि माती ठरवतात. रोजच्या मुक्कामाचं आगाऊ बुकिंग करून, तासातासाचा हिशेब मांडून जाणारे असाल तर दुसरा धागा बघा. काठची माती आपल्या विदर्भातल्या कापसाच्या काळ्या मातीच्या जातीची. कोरडी असते तोवर गाडी मजेत पळते. चार थेंब पडले की चाकाला लगदा चिकटतो, तो मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. म्हणून पाऊस झाला की नगरपालिका रस्ता बंद करते. फाट्यावर एक मोठा फलक असतो, त्यावर पुढच्या गावांची नावं आणि प्रत्येकापुढे उघडा की बंद ते लिहिलेलं. बंद असेल तर बंद. तुमची गाडी फोर व्हील आहे की सोन्याची, फरक पडत नाही. दंडही होतो, आणि तुमच्या चाकोऱ्या वाळल्यावर महिनाभर गावकऱ्यांची हाडं खिळखिळी करतात.

सिडनी ते बर्क पावणेआठशे किलोमीटर. डबोला मुक्काम करावा. निन्गनच्या पुढे रस्ता दोनेकशे किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत जातो. मुलांनी आधी इमू मोजले, मग मेलेली कांगारू, मग दोन्ही सोडून दिलं.

बर्कला बहुतेक लोक डिझेल भरून पुढे जातात. एक दिवस तरी द्या. धक्का बघा, तीन मजली आहे, कारण नदीची पातळी एवढी वरखाली होते की एकाच उंचीचा धक्का वर्षातले कित्येक महिने कुचकामी ठरला असता. १८५९ पासून या नदीत चाकाच्या वाफेच्या बोटी चालायच्या आणि मेंढ्यांची लोकर घेऊन खाली जायच्या. उत्तर बर्कचा १८८३ चा पूल त्यासाठीच मधला भाग उचलता येईल असा बांधलाय. १८८५ मध्ये रेल्वे आली आणि बोटींचा धंदा हळूहळू बसला. आता रेल्वेही प्रवासी घेऊन येत नाही.

गावच्या दफनभूमीत डॉ. फ्रेड हॉलोज यांची कबर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या डोळ्यांच्या आजारांवर त्यांनी आयुष्य घातलं, आणि मोतीबिंदूत बसवायचं भिंग गरिबाला परवडावं म्हणून नेपाळ आणि एरिट्रियात कारखाने उभे राहिले ते त्यांच्या धडपडीतून. १९९३ मध्ये गेले, इच्छेप्रमाणे बर्कला पुरलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "या डॉक्टरचं नाव आमच्या डॉक्टरनं कधी सांगितलं नाही." त्याच दफनभूमीत पन्हाळी पत्र्याची एक खोलीएवढी मशीद आहे, उंटवाल्यांची. त्याबद्दल इथे कुणी जाणकार लिहील अशी आशा.

बर्कहून लाऊथ शंभरेक किलोमीटर, तिथून टिल्पा नव्वदच्या आसपास. नदीच्या दोन्ही अंगांनी रस्ते आहेत. नदी दिसते मात्र फार कमी, बहुतेक वेळ ती कुठे आहे हे निलगिरीच्या उंच झाडांच्या रांगेवरून ओळखायचं. मध्येच एखाद्या स्टेशनचं, म्हणजे हजारो एकरांच्या मेंढीफार्मचं, फाटक येतं. ट्रिल्बी आणि कॅलारा या फार्मांवर राहण्याची सोय आहे, खोल्याही आणि नदीकाठी तंबूची जागाही.

लाऊथला संध्याकाळी पोहोचा. दफनभूमीत मेरी मॅथ्यूज या बाईंची ग्रॅनाइटची उंच क्रूसशिळा आहे, नवऱ्याने उभारलेली. त्यानेच गाव वसवलं. मावळत्या उन्हात तिचा गुळगुळीत दगड आरशासारखा चमकतो, आणि तो अशा कोनात लावलाय की बाईंच्या पुण्यतिथीला, १९ ऑगस्टला, परावर्तित झोत त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर पडतो. जुलैत तो दुसरीकडेच पडतो. मुलं त्या झोताच्या मागे धावली, पाच-दहा मिनिटांचा खेळ.

टिल्पाला पाऊस लागला. रात्रीत पत्र्यावर वाजला तेवढाच, पण सकाळी फलकावर चारही दिशा बंद. मग काय, गावात एक पब आणि पेट्रोलपंप, तोही पबचाच. पबच्या भिंती आतून छतापर्यंत नावांनी भरल्यात. काही डॉलर दान द्यायचे, मार्कर घ्यायचा आणि नाव लिहायचं. पैसे फ्लाइंग डॉक्टरांना जातात, म्हणजे जी विमानसेवा या भागात आजाऱ्याला उचलून मोठ्या इस्पितळात नेते तिला. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकलं (शब्द त्यांचाच) आणि खुर्चीवर उभं राहून देवनागरीत स्वतःचं, गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहिलं. तालुका कशाला, म्हटलं. "नाहीतर कुठल्या पाडळीची हे कसं कळणार?"

दुपारी एक मेंढपाळ आत आला, बूट दाराबाहेर काढून. रस्ता उद्या जेवणापर्यंत उघडेल म्हणाला. कशावरून? "हात लावून बघितला." उघडला.

विलकॅनियाच्या पुढचं उद्या लिहिते. प्रश्न विचारत राहा.

कोबारचा खडीवाला

झकास. या भागात खाणीत नोकरी करतो, वर्षाकाठी अनेकदा या रस्त्यांवर असतो, म्हणून थोडी भर.

टायर. कच्चा रस्ता लागला की हवा कमी करा. डांबरावर ३८ असेल तर २८ च्या आसपास आणा, परत डांबर लागलं की भरा. बारका कॉम्प्रेसर आणि मीटर जवळ हवाच. पूर्ण मापाची स्टेपनी, जमल्यास दोन. छोट्या "तात्पुरत्या" स्टेपनीवर या रस्त्याला येऊ नये. आणि निघायच्या आधी घरच्या अंगणात एकदा जॅक लावून चाक बदलून बघा. मऊ मातीत जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या.

कॉरुगेशन, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या पन्हळी. हळू गेलात तर दात वाजतात, ऐंशीच्या आसपास गाडी त्यावरून तरंगल्यासारखी जाते आणि तिथेच घात होतो, कारण तेव्हा टायर जमिनीला धड टेकलेलेच नसतात. वळणावर वेग आधी कमी करा. वळणात ब्रेक दाबायचा नाही.

सूर्य कलला की गाडी बंद. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात. इमूचा नेम नाही. गाडीला समांतर पळता पळता तो एकदम तुमच्यासमोर वळतो. प्राणी आडवा आला तर स्टिअरिंग फिरवू नका, ब्रेक लावा आणि सरळ राहा. गाडी उलटून माणसं जातात, कांगारूला धडकून सहसा बंपर जातो.

फोन: गावं सोडली की रेंज विसरा, जी काय मिळते ती टेल्स्ट्रा कंपनीची. नव्या आयफोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, तरी एक आपत्कालीन बीकन (बटण दाबलं की संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) भाड्याने का होईना घ्यावा. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. कधीच नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

चिंगी

ताई, फारच सुंदर लिहिलंय. सासूबाईंना सा. न.

आमच्याकडे साधी हॅचबॅक आहे. कोरड्या रस्त्यावर चालेल का? की भाड्याने मोठी घ्यावी?

कोबारचा खडीवाला

@चिंगी, कोरड्यात लोक नेतात. गावची पोस्टाची गाडीही काही रणगाडा नसते. पण खालचा भाग दगडावर आपटण्याची तयारी ठेवा. भाड्याने घेणार असाल तर करार नीट वाचा: बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही, आणि कांगारूची धडक बऱ्याचदा वेगळ्या कलमात असते. माझ्या एका मित्राला हे कलम काच फुटल्यावर कळलं.

टीकाकार_तात्या

सगळं ठीक. पण पावणेआठशे किलोमीटर जाऊन बघायचं काय, तर गढूळ पाणी आणि पत्र्याचा पब? त्यापेक्षा न्यूझीलंड. निळंशार पाणी.

मृद्गंध

तात्या, न्यूझीलंडला तुम्ही गेलाच आहात, फोटोही आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. :)

गढूळ आहे हे खरं. चिकणमाती एवढी बारीक की ती तळाशी बसतच नाही, म्हणून रंग दुधाळ चहाचा. त्या रंगाच्या पाण्यावर पहाटे धुकं आणि पलीकडच्या झाडावर शेकडो पांढरे काकाकुवे ओरडतायत, हे मला निळ्या पाण्यापेक्षा आवडलं. ज्याची त्याची आवड.

आता पुढचं.

टिल्पा ते विलकॅनिया सुमारे १४० किलोमीटर. विलकॅनियाबद्दल सिडनीत दहा जणांनी बजावलं होतं, तिथे थांबू नका, काचा वर करून निघा. आम्ही थांबलो, जेवलो, फिरलो. वाळूच्या दगडाचं पोस्ट ऑफिस, कोर्ट, पोलीस ठाणं बघून लक्षात येतं की हे एकेकाळचं मोठं बंदर होतं. १८८७ मध्ये इथून २२२ बोटी माल भरून गेल्या. १८९६ चा उचलता येणारा पूल अजून उभा आहे. गावातली बहुतेक माणसं बार्किंजी, म्हणजे इथले मूळनिवासी. नदीला ते बार्का म्हणतात. त्यांच्या भूमिहक्काच्या दाव्याला १८ वर्षं लागली, २०१५ मध्ये कोर्टाने मान्य केला. पुलाखाली दोन आज्या गळ टाकून बसल्या होत्या, त्यांनी आमच्या आजींना बसायला घडी खुर्ची दिली. तिघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गुडघेदुखीवर बरंच बोलणं झालं. तीन पिढ्या दारिद्र्य सोसलेल्या गावाला "धोक्याचं गाव" म्हणून ओलांडून जाणाऱ्यांचा मला राग येतो. एवढंच लिहिते, नाहीतर धागा भरकटेल.

तिथून मेनिन्डी. इथे नदीलगत उथळ तळ्यांची माळ आहे, नैसर्गिकच, पण १९६० पर्यंत बांध-दरवाजे घालून ती साठवण म्हणून वापरात आणली. पाण्यात मेलेल्या झाडांचे काळे खोड उभे, त्यावर पाणकावळे. पेलिकन एवढे की चिरंजीवांनी "बगळे खूप जाड आहेत" असं जाहीर केलं. शेजारच्या किन्चेगा उद्यानात १८७५ ची लोकर कातरण्याची शेड आहे, पत्रा आणि लाल निलगिरीच्या लाकडाची. ६० लाख मेंढ्या इथे भादरल्या गेल्या. आत गेल्यावर अजून लोकरीच्या तेलाचा वास येतो, आणि खांबांचं लाकूड मेंढ्यांच्या अंगाने घासून घासून कमरेइतक्या उंचीपर्यंत तुळतुळीत झालंय. लेकीने गाल लावून बघितला.

गोदाकाठ

मेनिन्डी म्हणजे तेच ना, जिथे मासे मेले होते? २०१९ ला बातम्यांत व्हिडिओ पाहिला होता, एक म्हातारा मोठा मासा हातात धरून रडत होता.

पैठणचा आहे, म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला राहणं काय असतं ते माहीत आहे. वरच्यांनी पाणी अडवलं म्हणून झालं का?

पाणीदार

@गोदाकाठ, तेच. जलसंपत्तीच्या क्षेत्रात काम करतो, थोडं लांबण लावतो.

डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये दुष्काळ होता. नदी वाहायची थांबलेली, नुसते डोह उरलेले. उन्हाने वरचा थर तापला, खालचा थंड राहिला, दोन्ही मिसळेनात. वर निळं-हिरवं शेवाळ माजलं, तळाशी प्राणवायू संपला. मासे वरच्या पातळ थरात तगून होते. मग एकदम थंड वारं आलं, वरचं पाणी गार होऊन खाली बसलं, दोन्ही थर ढवळले गेले आणि सगळ्या डोहातलाच प्राणवायू संपत आला. दशलक्षाच्या आसपास मासे मेले असा अंदाज. तुम्ही पाहिलेला मोठा मासा मरे कॉड. ते काही दशकं जगतात, म्हणजे एवढा वाढलेला गेला की बदली यायला एक पिढी जाते.

मार्च २०२३ ला कारण उलटं. आधी मोठा पूर आला, पुराबरोबर माशांची, विशेषतः बोनी हेरिंगची, संख्या भरमसाट वाढली. पाणी ओसरताना पूरमैदानातला कुजका पालापाचोळा घेऊन नदीत आलं, त्यात उष्णतेची लाट. यावेळी सरकारी अंदाज दोन ते तीन कोटी माशांचा.

वरच्यांनी अडवलं का? एका शब्दात उत्तर नाही, पण हो, त्याचा वाटा आहे. उत्तरेला क्वीन्सलँडपर्यंत कापसाचे मळे आहेत आणि पुराचं पाणी शेतातल्या प्रचंड तळ्यांत वळवून घेतलं जातं. दुष्काळात नदी आटतेच, पूर्वीही आटायची. फरक हा की मधले छोटे आणि मध्यम पूर, जे डोह ताजे ठेवतात, ते आता खालपर्यंत पोहोचत नाहीत. त्यावर उपाय म्हणून सरकारने पाण्याचे हक्क विकत घेतले. लाऊथच्या वरचं टुराली हे मोठं स्टेशन २००८ मध्ये पाण्यासाठीच विकत घेतलं, आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. आणि ब्रोकन हिल शहर, जे मेनिन्डीचं पाणी प्यायचं, त्याला आता वेन्टवर्थहून २७० किलोमीटरची पाइपलाइन टाकून मरे नदीचं पाणी दिलंय. शहराची सोय झाली. पण मेनिन्डीवाले विचारतात, शहराला या पाण्याची गरज उरली नाही तर आता तळी भरलेली ठेवायची निकड कुणाला?

आकार सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. चारही मुख्य तळी भरली की १,७३१ अब्ज लिटर, म्हणजे ६१ टीएमसी (अब्ज घनफूट). जायकवाडीचे १०२ धरले तर निम्म्याहून थोडं जास्त. आणि नाथसागरासारखंच उथळ, म्हणून बाष्पीभवन प्रचंड. "एवढं पाणी वाफ होऊन वाया जातं, त्यापेक्षा वरच अडवू द्या" हा युक्तिवाद तुम्ही नगर-नाशिककडून ऐकला असेलच, तो इथेही अगदी तस्साच चालतो.

गोदाकाठ

धन्यवाद पाणीदार. "तस्साच" वाचून हसू आलं आणि आलंही नाही. वाचनखूण साठवली.

टीकाकार_तात्या

पाणीदार यांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा चांगला आहे. (मृद्गंधताई, हलके घ्या.)

उंटावरचा शहाणा

उंटवाल्यांबद्दल लिहायला कुणीतरी हवं होतं म्हणे. सदस्यनामाला जागतो.

"अफगाण" हे या उंटवाल्यांना दिलेलं सरसकट नाव. प्रत्यक्षात त्यात बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, सगळे होते. बर्कसारख्या गावांतून आतल्या फार्मांना माल पोचवायचा आणि लोकर बाहेर आणायची, तर पाण्याविना चालणारा प्राणी हवा. ही माणसं उंटांसकट आली. कित्येकांना बायका-मुलं आणायची मुभा नव्हती. मोटार ट्रक आल्यावर उंट मोकाट सोडले, त्यांचेच वंशज आज वाळवंटात रानटी फिरतात.

आता मेनिन्डी. १८६० मध्ये मेलबर्नहून खंड ओलांडायला निघालेली बर्क आणि विल्स यांची मोहीम ऑक्टोबरमध्ये इथे थांबली होती (हा बर्क वेगळा, गावाचं नाव एका गव्हर्नरावरून आहे). त्यांच्यासाठी जॉर्ज लँडेल्सने २४ उंट हिंदुस्थानातून आणले, कराची बंदरातून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे कागदोपत्री ते आपल्याच इलाख्यातून निघाले! सोबत जे उंटवाले आले त्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. मोहिमेचा शिधा म्हणजे खारवलेलं गोमांस. ते खाता येईना, म्हणून तो निघाल्यावर लगेचच काम सोडून परतला. बर्क आणि विल्स दोघेही पुढच्या वर्षी कूपर क्रीक या नदीकाठी उपासमारीने मेले, तेव्हा सामलाचा निर्णय काही वाईट नव्हता.

दुसरा दोस्त महंमद. मोहिमेनंतर त्याचा एक हात उंटाने निकामी केला. तो मेनिन्डीतच राहिला, तिथेच वारला, आणि गावाबाहेर ब्रोकन हिलच्या रस्त्याला त्याची एकटी कबर आहे. मृद्गंधताई, पाहिलीत का?

मृद्गंध

पाहिली. लोखंडी कुंपण, आजूबाजूला काही नाही, लाल माती आणि काटेरी झुडपं. माहिती आधी असती तर जास्त वेळ थांबलो असतो. सामलाची गोष्ट सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवली, त्या म्हणाल्या, "शहाणा होता."

भूकलाडू

सगळे पाणी आणि उंट करताय, खायचं काय ते कुणी सांगेल का? आम्ही पक्के शाकाहारी. आणि लहान मुलांना दूध-भात लागतो.

मृद्गंध

गावांतल्या पबमध्ये शाकाहारी म्हणजे चिप्स आणि चीज टोस्ट. तेव्हा स्वतःचं न्या. आमच्याकडे थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा, मूगडाळ-तांदूळ एकत्र करून ठेवलेली खिचडीची पाकिटं, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, सासूबाईंचे डिंकाचे लाडू. तीन लिटरचा कुकर आणि गॅसची शेगडी. बारीक लाल धूळ कशातही शिरते, डबा घट्ट लावला तरी. म्हणून भाजणी आधी पिशवीत, मग डब्यात. दूध टेट्रापॅकचं. मोठी खरेदी डबोलाच करा, पुढे भाजी मिळेलच याची खात्री नाही.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरून भरलं होतं. नदीचं पाणी उकळूनही पिऊ नका. शेवाळाचं विष उकळून जात नाही. शेवाळाचा इशारा लावला असेल तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

उघड्यावर आग किंवा शेगडी पेटवायच्या आधी त्या दिवशी आगबंदी आहे का ते पाहा. जुलैत सहसा नसते.

कोबारचा खडीवाला

एक राहिलं. तंबू नदीकाठच्या लाल निलगिरीखाली ठोकू नका, सावली कितीही छान असली तरी. वारा नसतानाही या झाडाची मांडीएवढी फांदी अचानक तुटून पडते.

आणि रात्री थंडी असते. जुलैत दिवसा सतरा-अठरा आणि पहाटे शून्याजवळ. सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांनी खोली बघावी.

चिंगी

मृद्गंधताई, शेवट राहिला ना? वेन्टवर्थ?

मृद्गंध

हो, राहिलाच. मेनिन्डीहून पूनकेरी आणि मग आम्ही वाट वाकडी करून मन्गो उद्यानात गेलो. इथलं तळं सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीच आटलंय, उरलीय ती काठावरची वाळूची लांबलचक कमान. १९७४ मध्ये तिथे सापडलेला माणसाचा सांगाडा सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीचा निघाला, विधिपूर्वक पुरलेला, अंगावर गेरू शिंपडलेला. संशोधनासाठी कॅनबेराला नेला होता, २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी तो परत आणला. टेकड्यांवर स्वतःहून चढायला बंदी आहे, मूळनिवासी गाइडबरोबरच जाता येतं. ते पैसे वाचवू नका. आमच्या गाइडने वाळूत एका ठिकाणी बोट ठेवलं. जुन्या चुलीची काळी माती, त्यात माशाच्या कानातली नखाएवढी हाडं. मासे कुठले, म्हटलं. तो समोरच्या कोरड्या मैदानाकडे हात करून म्हणाला, "तिथले."

वेन्टवर्थला डार्लिंग मरेला मिळते. मनोऱ्यावरून दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसतात. गावात एका ट्रॅक्टरचं स्मारक आहे. १९५६ च्या महापुरात शेतकऱ्यांनी आपले छोटे करडे फर्ग्युसन ट्रॅक्टर आणून मातीचे बांध घातले आणि गाव वाचवलं, म्हणून. चिरंजीवांच्या मते संपूर्ण प्रवासातली सर्वात भारी गोष्ट हीच.

ॲडलेडकर

उत्तम धागा. आमच्याकडे येणाऱ्यांसाठी: मेनिन्डीहून ब्रोकन हिलला गेलात तर घड्याळ अर्धा तास मागे घ्या, ते गाव न्यू साउथ वेल्समध्ये असूनही आमची वेळ पाळतं.

आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियात शिरणार असाल तर फळं आणि बहुतेक फळभाज्या सीमेवर जप्त. फळमाशीसाठी. वेन्टवर्थ-मिल्डुराकडून याल तर याम्बाला नाका आहे, ब्रोकन हिलकडून ऊडला विराला. गाडी उघडून बघतात आणि दंड जबर आहे. केळी, टोमॅटो, आंबे, हिरव्या मिरच्या, सगळं आधीच संपवा किंवा नाक्यावरच्या पेटीत टाका.

भूकलाडू

मिरच्यासुद्धा?? मग ठेचा?

ॲडलेडकर

शिजवलेलं चालतं. तव्यावर चांगला परतलेला असेल तर माझा तरी आजवर कुणी अडवला नाही. कच्चा वाटलेला असेल तर आधीच दाखवा आणि विचारा. अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला की तो बहुधा लवकरच जाऊ देईल.